रेडिओ फिरवून बघा

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, मधली गंमतजंमत तेवढी गाळली आहे.)



मसाला दूध आटतंय तोवर वीस मिनिटं बोला, असं मला आपल्या सेक्रेटरींनी सांगितलंय. विषय त्यांचाच. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढे इन्स्ट्रुमेंटवाले, माझा ओट्यावरचा रेडिओ का खरखरतो ते सांगा. गाडीत छान लागतो, घरात आणला की रुसतो." मी रेडिओ उचलला, खिडकीकडे दोन पावलं सरकवला, वायर थोडी उलगडली, आणि गाणं स्वच्छ सुरू झालं. वहिनींना वाटलं, मी जादू केली. सेक्रेटरींना वाटलं, भाषणाला माणूस मिळाला!

तर सुरुवात वहिनींच्या ओट्यापासून करू. माझी खरी गोष्ट वेगळी आहे, ती मागाहून येईल.

दोह्यात एफएम लागायला खरं तर काही अडचण नाही. गाव सपाट, प्रक्षेपक जवळ, ताकद भरपूर. ९७.५ वर क्यूबीएसचं इंग्रजी, १०७ वर उर्दू ही आपली जुनी ओळखीची स्टेशनं. नंतर मल्याळी बंधूंचं ९८.६ आलं, मग सुनो, ऑलिव्ह, हिंदी गाण्यांची चंगळ झाली. मग घरातच खरखर का? कारण आपली घरं. भिंतीत सळ्यांची जाळी, त्यावर काँक्रीट, खिडकीला अल्युमिनियमची चौकट. आणि नव्या टॉवरांत काचेवर ऊन परतवणारा जो चकचकीत थर असतो ना, तो धातूचा असतो. उन्हाबरोबर तो रेडिओलाही बाहेरच थांबवतो. मोबाइलला रेंज नाही म्हणून आपण गॅलरीत जातो, त्यातला थोडा दोष त्या काचेचाही.

आता एक सोपा हिशेब. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब असते. ती भिंतींवर आपटून परत येते, आणि सरळ आलेली व परतलेली अशा दोन लहरी एकमेकींत मिसळतात. काही जागी त्या एकमेकींना उचलून धरतात, काही जागी मारून टाकतात. आवाज मेलेली जागा आणि आवाज भरलेली जागा यांच्यात अंतर किती, तर लहरीचा चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण मीटर. म्हणून रेडिओ नुसता हातभर सरकवला तरी फरक पडतो. मी सेक्रेटरींच्या घरी तेवढंच केलं. पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा.

तेवढ्याने भागलं नाही तर डायपोल करा. स्पीकरची जोडवायर घ्या, दीड मीटरपेक्षा थोडी लांब. एका टोकाकडून दोन्ही तारा पाऊण मीटरपर्यंत एकमेकींपासून सोडवा आणि इंग्रजी टी अक्षरासारख्या दोन्हीकडे पसरा. म्हणजे प्रत्येक हात साधारण ७३ ते ७५ सेंटिमीटर. खालचं शेपूट रेडिओच्या एफएम अँटेनाच्या जागेला लावा. हा टी खिडकीच्या कडेला, अल्युमिनियमच्या चौकटीपासून जरा लांब, चिकटपट्टीने लावून टाका. आडवा लावून बघा, उभा लावून बघा, जसा चांगला वाजेल तसा ठेवा. पडद्यामागे दिसतसुद्धा नाही, त्यामुळे गृहमंत्र्यांची परवानगीही मिळते.

एफएमची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. ऑगस्ट-सप्टेंबरात दमट रात्री, गाडीतून उतरताक्षणी चष्म्यावर वाफ धरते तेव्हा, रेडिओची सुई हळूहळू फिरवून बघा. दुबई-अबू धाबीची स्टेशनं दोह्यात शेजारच्या गल्लीतून आल्यासारखी ऐकू येतात. खाडीच्या पाण्यावर दमट हवेचा थर आणि त्याच्यावर कोरडी गरम हवा असा पापुद्रा तयार होतो, त्याच्या आत लहर नळीत शिरल्यासारखी शेकडो किलोमीटर धावते. या खाडीवर हे जेवढं होतं तेवढं जगात फार थोड्या ठिकाणी होतं. अशा रात्री आपलंच स्टेशन गुदमरलं तर रेडिओ दुरुस्तीला नेऊ नका. दुसऱ्या दिवशी वारं सुटलं की आपोआप बरा होतो.

असो. एफएम झालं. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी दुधाकडे बघायला हरकत नाही!

मी इथे १९८९ साली आलो. मेसाईदला नोकरी, त्या वेळी त्याला उम्म सैद म्हणत. राहायला दोह्यात एका खोलीत तिघं. औसा तालुक्यातला मी. घरी वडिलांचा मर्फीचा रेडिओ होता, ठाण्याच्या कारखान्यात बनलेला. त्याची एरियल म्हणजे तांब्याची जाळीदार पट्टी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. तुमच्यातल्या पन्नाशी उलटलेल्यांनी ती पाहिली असेल, तिच्यावर चिमण्या बसायच्या. आणि अर्थची तार? शहरात ती मोरीतल्या नळाला बांधत. आमच्याकडे नळच नव्हता. वडिलांनी तांब्याची पट्टी तुळशी वृंदावनाच्या बुडाशी पुरली होती. मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची. एखाद्या दिवशी विसरली की रेडिओ खरखरायचा, आणि वडील आतून ओरडायचे, "अक्का, परभणी लागत नाही, पाणी घाल!" पुढे डिप्लोमाला शिकलो तेव्हा कळलं, की वडिलांचं शास्त्र अगदी बरोबर होतं. ओली माती वीज चांगली वाहून नेते.

अक्काला दिली उमरगा तालुक्यात. सास्तूरपासून फार लांब नाही.

३० सप्टेंबर १९९३. गुरुवार होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. तिकडे पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धरणी हलली, इथे रात्रीचे एक वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. मी गाढ झोपेत. सकाळी प्लँटवर एका हैदराबादच्या सहकाऱ्याने सांगितलं, "तुमच्याकडे लातूरला मोठा भूकंप झालाय म्हणे." दिवसभर फोन लावत होतो. औशाला लागेना, लातूरला लागेना. तेव्हा मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीचं. राहिला रेडिओ.

खोलीवर नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन होता. कपाटावर, भिंतीला पाठ लावून, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल! संध्याकाळी सव्वासहाला, म्हणजे आपल्याकडच्या पावणेनऊला, आकाशवाणीच्या हिंदी बातम्या लागायच्या. मुंबईची सुई मी आधीच लावून ठेवली होती. बातम्या सुरू झाल्या. किल्लारी ऐकलं. उमरगा तालुका ऐकलं. सास्तूर ऐकलं. आणि पुढचं नाव येतंय एवढ्यात खालून दुसरं स्टेशन वर आलं. फारसी गाणं. संतूर, बाई गातेय, अगदी सुरेल. मी सुई इकडे करतो, तिकडे करतो, आवाज वाढवतो, तर ती बाईच मोठ्याने गाते! त्या गाण्याखाली निवेदक गावांची नावं घेतोय एवढं कळत होतं. कोणती, ते कळत नव्हतं.

मंडळी, आज इतकी वर्षं झाली, पण ते दीड-दोन मिनिट मला अजून ऐकू येतं.

माझा एक खोलीसोबती मल्याळी. गावी त्याच्या काकाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो पलंगावरून उठला, एक शब्द बोलला नाही. रुमाल बाजूला टाकला, रेडिओ दोन्ही हातांनी उचलला आणि जातं फिरवावं तसा हळूहळू फिरवायला लागला. पाव वर्तुळ फिरला असेल. ती बाई खाली गेली, खाली गेली, जवळजवळ गेलीच. आणि निवेदक वर आला. तोवर यादी संपली होती. लष्कराची मदत, पंतप्रधानांचा संदेश, तिथपर्यंत बातम्या पोचल्या होत्या. इथल्या साडेसहाला इंग्रजी बातम्या होत्या. त्या पंधरा मिनिटांत तो रेडिओ हातात घेऊन तसाच उभा राहिला, खाली ठेवायला तयार नाही. इंग्रजीत सगळी नावं नव्हती. जी होती त्यांत अक्काचं गाव नव्हतं.

गाव यादीत नाही याचा अर्थ काय लावायचा? तिथे काही झालं नाही असा, की तिथपर्यंत अजून कोणी पोचलंच नाही असा? त्या रात्री आम्ही तिघंही झोपलो नाही.

तिसऱ्या दिवशी औशाला शेजाऱ्यांकडे फोन लागला. अक्का आणि मुलं वाचली होती. तिची सासू गेली. माळवदाचं घर, दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती. उन्हाळ्यात गार म्हणून आपण ज्यांचं कौतुक करायचो, त्याच भिंतींनी त्या पहाटे हजारो माणसं घेतली.

आता विषयाकडे येतो. मल्याळी मित्राने केलं काय? आवाज वाढवला नाही, सुई हलवली नाही, नुसता रेडिओ फिरवला. त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

मध्यम लहरींची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्‌झच्या अंतरावर बसवलेली असतात. १९७५ साली जिनिव्हाला देशांचा करार झाला, नोव्हेंबर १९७८ पासून तो लागू झाला, आणि त्यात युरोप, आफ्रिका, अरबस्तान, इराण, भारत सगळे एकाच कोष्टकात आले. मुंबई ५५८ आणि १०४४, पुणे ७९२, हे सगळे नवाच्या पाढ्यातले आकडे, पाहिजे तर भागून बघा. त्यामुळे अरबस्तानातलं किंवा इराणातलं एखादं स्टेशन मुंबईच्या शेजारी नसतं, बरोबर मुंबईच्याच जागेवर असतं! सुई कितीही बारीक फिरवा, ती दोघांना वेगळं करू शकत नाही. दोघांत फरक एकच, ती वेगवेगळ्या दिशांनी येतात.

आणि दिशा ओळखणारी अँटेना प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या पोटात असते. काळी, पेन्सिलीसारखी किंवा थोडी जाड कांडी, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. तिला फेराइट रॉड म्हणतात. बाहेर ओढायची चकचकीत दांडी असते ती मध्यम लहरींसाठी नसतेच, ती एफएम आणि शॉर्टवेव्हची. कित्येक जण मुंबई लागत नाही म्हणून ती दांडी वर-खाली करत बसायचे, मीही त्यातलाच. ही कांडी तिच्या कुशीकडून येणारी लहर उत्तम ऐकते आणि टोकाकडून येणारी जवळजवळ ऐकतच नाही. बहुतेक रेडिओंत ती वरच्या बाजूला, रेडिओच्या लांबीत आडवी असते.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. दोह्याहून मुंबई सुमारे २३०० किलोमीटर, जवळजवळ पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेली. इराण समोर खाडीपलीकडे, उत्तरेला आणि ईशान्येला. म्हणजे कांडी दक्षिणोत्तर ठेवली, रेडिओचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला केलं, की मुंबई कुशीला येते आणि इराण बहुतांशी टोकाला. देवाने नकाशा आपल्या सोयीने काढला आहे! आमच्या खोलीत मात्र कपाट असं होतं की रेडिओची लांबी पूर्व-पश्चिम. म्हणजे चार वर्षं मी रोज कांडीचं टोक मुंबईकडे करून "आवाज का येत नाही" म्हणून चिडत होतो.

दिशा कळत नसेल तर एक युक्ती. हॉटेलच्या खोलीत छताला किंवा टेबलाच्या खणात किब्ल्याचा बाण असतो, घरमालकाला विचारलं तरी तो दाखवील. त्या बाणाकडे पाठ करून उभे राहा आणि थोडे उजवीकडे वळा. नाकासमोर मुंबई.

यात मेख अशी आहे, की हवं ते स्टेशन मोठं करण्यासाठी रेडिओ फिरवू नका. कुशीची बाजू फार पसरट असते, वीस-तीस अंश इकडेतिकडे झालं तरी कानाला फरक कळत नाही. टोकाची बाजू मात्र काट्यासारखी टोकदार. म्हणून नको ते स्टेशन पार जाईपर्यंत फिरवायचं. ते गेलं की हवं ते आपोआप उरतं. रात्रीच्या वेळी लहर वरून, आकाशातून वाकून येते, त्यामुळे ते पूर्ण पुसलं जात नाही, मधूनच डोकं वर काढतं. पण शब्द कळण्याइतकी वाट मिळते.

त्याच डिसेंबरात आम्ही दोघांनी लूप बांधलं. हे बघा, हे तेच. लाकूड एकदा बदललंय. करायला अगदी सोपं आहे. दोन पट्ट्यांची फुली करा, अशी की तिच्या टोकांवरून तार गुंडाळली तर साठ सेंटिमीटर बाजूचा चौकोन होईल. टोकांना पाऊण-पाऊण सेंटिमीटरवर खाचा. साधी प्लॅस्टिकची वायर, दहा वेढे, एकूण चोवीस-पंचवीस मीटर लागते. वायरची दोन टोकं जुन्या रेडिओतल्या गँगला जोडा. गँग म्हणजे सुई फिरवली की पाती एकमेकांत शिरतात तो कंडेन्सर, पाचशे पीएफच्या आसपासचा. लहान मिळाला तर त्याचे दोन्ही भाग एकत्र जोडा. मी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणले होते. झालं लूप. यात वीज नाही, सेल नाही, आणि रेडिओला एकही तार जोडायची नाही. लूपची कड मुंबईकडे करायची, रेडिओ लूपच्या शेजारी असा ठेवायचा की आतली कांडी लूपच्या पाटाला काटकोनात येईल, स्टेशन लावायचं आणि गँग सावकाश फिरवायचा. एका जागी आवाज एकदम उसळून येतो. पहिल्यांदा ते झालं तेव्हा आम्ही दोघं मोठ्यांदा हसलो, आणि खालच्या मजल्यावरचा नातूर काय झालं बघायला वर आला.

त्या लूपवर मी काय ऐकलं? सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. इथे पहाटेचे चार पस्तीस. माझी बस पाचला. पण ही मेजवानी वर्षभर नसते, आणि याचं कारण सूर्य. दिवसा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर जागा होतो, तो मध्यम लहरी गिळून टाकतो. रात्री तो विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरावर आपटून दूरवर उतरतात. मुंबई-दोहा वाटेवर अंधार हवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जूनमध्ये तिकडे सहालाच उजाडतं, सातच्या बातम्या केव्हाच गिळलेल्या असतात. जानेवारीत मात्र पुण्या-मुंबईला सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे बातम्या सुरू होतात तेव्हा तिकडे नुकतं तांबडं फुटलेलं असतं. ठळक बातम्या स्पष्ट, मधल्या बातम्या थोड्या खोल गेलेल्या, आणि हवामानापर्यंत पोचता पोचता आवाज विरून जायचा. मी बायकोला म्हणायचो, तिकडे ऊन पडलं बघ. तिला वाटायचं, हा रोज पहाटे काहीतरी बरळतो.

पुढची काही वर्षं लातूर-उस्मानाबादच्या पुनर्वसनाच्या बातम्या मी अशाच ऐकल्या. नवं गाव कुठे बसतंय, घरं कधी मिळणार. पत्र यायला दोन आठवडे लागत. अक्काला पत्रात लिहायचो, "तुमच्याकडे अमुक मंत्री येऊन गेले ना?" ती उलट विचारायची, "तुला वाळवंटात बसून कोण सांगतं रे?"

शॉर्टवेव्हबद्दल थोडक्यात सांगतो. सिलोनची बिनाका गीतमाला १९५२ पासून आपल्या आईवडिलांनी ऐकली ती शॉर्टवेव्हवर. इथे गच्चीवर दहा-पंधरा मीटर तार ताणून विविध भारती छान यायची. तार विजेच्या कुठल्याही लाइनपासून लांब हवी, हे पुन्हा पुन्हा सांगेन. आणि शमालचं वारं सुटलं की धुळीने तारेवर एवढा भार साठतो की हात लावला तर चटका बसतो, म्हणून वादळात ती रेडिओतून काढून ठेवायची. पण आता तिथे ऐकायला फार उरलेलं नाही. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला थांबलं, आकाशवाणीनेही शॉर्टवेव्हचे आणि मध्यम लहरींचे कितीतरी प्रक्षेपक बंद केले. तेव्हा एवढ्यासाठी गच्चीवर चढू नका, कमरेला त्रास!

कोणी म्हणेल, काका, फोनवर अ‍ॅप आहे, पुणे-मुंबई-सांगली सगळं स्वच्छ ऐकू येतं, मग हा खटाटोप कशाला? बरोबर आहे. मराठी कार्यक्रम ऐकायचे तर मीसुद्धा अ‍ॅपच लावतो. हट्ट नाही. पण घरात सेलवर चालणारा एक रेडिओ असावा आणि तो कसा ठेवायचा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं, एवढं मात्र मी आग्रहाने सांगतो. ज्या दिवशी फोन लागत नाही त्या दिवशी अ‍ॅपही लागत नाही. तेव्हा शिकायला वेळ नसतो. मला ते त्या संध्याकाळी कळलं, दीड मिनिट उशिरा.

एक गोष्ट राहिली, आणि दिवाळीच्या तोंडावर ती सांगायलाच हवी. हल्ली मध्यम लहरींचा मोठा शत्रू खाडीपलीकडे नाही, आपल्या घरात आहे. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी, हे सगळे सतत गुणगुणत असतात. रेडिओ सेलवर लावा, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी ठेवा आणि घरातलं एकेक बटण बंद करत जा. मेन बोर्डावरच्या एमसीबीपासून सुरुवात केली तर खोली लवकर सापडते. गुन्हेगार सापडला की एकदम शांतता होते, ती ऐकण्यासारखी असते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी असा भुंगा सुरू झाला की लूपवरही काही ऐकू येईना. मी एसी बंद केला, फ्रिज बंद केला, नातवाचा व्हिडिओ गेम बंद केला, त्यावरून घरात महाभारत झालं. शेवटी शेजाऱ्यांवर संशय घेतला. तीन दिवसांनी बायको शांतपणे म्हणाली, "गॅलरीत मी दिवाळीचा आकाशकंदील लावलाय, तो बघितलात का?" कंदील निर्दोष होता, पण त्याच्या माळेचा स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर! तो बदलला, भुंगा गेला. लूप वळवूनही असा आवाज बराच दाबता येतो, पण तो एका दिशेने येत असेल तरच. घरभर पसरलेला असेल तर उगमच शोधावा लागतो.

अक्का आता लातूरला मुलाकडे असते. पंचाहत्तर उलटली. रविवारी व्हिडिओ कॉल होतो. गेल्या महिन्यात तिला हे लूप दाखवलं आणि म्हटलं, यावर भाषण करणार आहे. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याला पाणी घालावं लागत नाही का?"

दूध झालेलं दिसतंय, वासच सांगतोय. लूप त्या मागच्या टेबलावर ठेवतो, शेजारी सेल घातलेला ट्रान्झिस्टर आहे. या हॉलमध्ये दिवे फार आहेत, भुंगा ऐकू येईल, तर खिडकीपाशी नेऊन बघा. फुलीच्या आडव्या पट्टीवर मी लाल बाण काढलाय, तो मुंबईकडे धरायचा. माझ्याकडे तीन गँग शिल्लक आहेत, ज्यांची मुलं शाळेच्या प्रदर्शनासाठी हे करणार असतील त्यांनी नावं द्या. आणि गँग फिरवताना जरा हलक्या हाताने, पाती जुनी आहेत.